जुलाबानंतरचे दोन आठवडे : पुण्यातली जीबीएसची साथ, २०२५

“काका, खोल श्वास घ्या आणि एका दमात जमतील तेवढे अंक मोजा. मध्ये श्वास घ्यायचा नाही.”

गिलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस झालेल्या पेशंटच्या खाटेपाशी डॉक्टर दर काही तासांनी ही तपासणी करतात. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. धडधाकट माणूस एका दमात तीस-चाळीसच्या पुढे जातो. सकाळी अठ्ठावीसपर्यंत पोचलेला पेशंट संध्याकाळी चौदाला अडकला, की व्हेंटिलेटर खाटेशेजारी आणून ठेवायला सांगतात. तेव्हा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर अजून ९८ दिसत असतं. पेशंट शुद्धीवर असतो, घरच्यांना ओळखत असतो, ऑफिसात कळवलं का म्हणून विचारतही असतो. पण श्वासपटल थकत चाललेलं असतं, आणि ते आकड्यांतून आधी कळतं. या आजारात मेंदू लख्ख जागा राहतो आणि बाकीचं शरीर ऐकेनासं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या अनेक अतिदक्षता विभागांत एकाच वेळी हे अंक मोजले जात होते. ९ जानेवारीला दाखल झालेला पेशंट या साथीतला पहिला संशयित धरला गेला. तिसऱ्या आठवड्यात संशयितांचा आकडा वीसच्या पुढे गेला, महिना संपायच्या आत शंभरी ओलांडली आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो सव्वादोनशेच्या आसपास पोचला. दहाहून जास्त माणसं गेली.

हा आकडा किती मोठा आहे हे नुसतं ऐकून कळत नाही, म्हणून थोडा हिशेब. जीबीएस जगात सगळीकडे होतो, वर्षाला लाखामागे एखाद-दुसरा. पुणे आणि आसपासची वस्ती ढोबळमानाने सत्तर लाख धरली, तर वर्षभरात सत्तर ते दीडशे पेशंट अपेक्षित. म्हणजे महिन्याला सहा ते बारा, तेही अख्ख्या महानगरात विखुरलेले. इथे सहा-सात आठवड्यांत सव्वादोनशे झाले, आणि त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यातले : सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, आंबेगाव, खडकवासला. मेंदूविकारतज्ज्ञाला एरवी महिन्यात एखादा जीबीएस दिसतो. एका आठवड्यात तीन-चार आले आणि सगळ्यांचा पत्ता सिंहगड रस्त्याचा निघाला, की त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि याच पट्ट्यात राहतो. त्यामुळे ही साथ मला संशोधनाच्या लेखांतून दिसली तशी घरच्या नळातूनही दिसली. हे प्रकरण नीट मांडायचं कारण एकच. सव्वादोनशे लकव्यांच्या आधी या भागात जुलाबांची एक फार मोठी साथ येऊन गेली होती आणि ती कुठल्याही वहीत चढली नाही, असं माझं ठाम मत आहे. जीबीएस हे तिचं उशिरा दिसलेलं टोक होतं.

आजार कसा चढतो

जुलाबांनंतर होणाऱ्या जीबीएसची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. आधी दोन-तीन दिवस जुलाब, पोटात मुरडा, थोडा ताप. गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, माणूस कामावर जातो. मग आठ-पंधरा दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठडा धरावा लागतो. तिसऱ्या दिवशी जमिनीवर बसलेला माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. लकवा पायांकडून वर चढत जातो : मांड्या, हात, चेहरा, गिळण्याचे स्नायू, श्वास. सर्वांचा इथवर जात नाही. साधारण चारातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो आणि सगळ्यात वाईट अवस्था चार आठवड्यांच्या आत येऊन जाते. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. हे चिन्ह जुन्या काळापासून निदानाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गिलियन, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये हे पाहिलं आणि त्यांच्या पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली असूनही पेशी वाढलेल्या नाहीत, हे नोंदवलं. ती तपासणी आजही तशीच होते. स्ट्रोलचं नाव मात्र आजाराच्या नावातून गळून पडलं.

जंतूच्या अंगावरची साखर

पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, पेशंटच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि काहींत नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू. जीबीएसच्या दृष्टीने यातलं पहिलं नाव महत्त्वाचं.

कॅम्पिलोबॅक्टर हा बूच काढायच्या मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू. कोंबड्या आणि इतर पक्ष्यांच्या आतड्यात तो सुखाने राहतो, कारण पक्ष्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं आणि याला ४२ अंश मानवतात. साध्या हवेतला ऑक्सिजन त्याला सोसत नाही. प्रयोगशाळेत त्याला कमी ऑक्सिजनच्या डब्यात वाढवावं लागतं. एवढा नाजूक जीव, पण माणूस आजारी पडायला याचे पाचशे-आठशे जीवाणूही पुरतात, हे स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

त्याच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. काही वाणांमध्ये या साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल जोडलं जातं, आणि मग ती हुबेहूब आपल्या चेतातंतूंवरच्या जीएम१ आणि जीडी१ए या गँग्लिओसाइडांसारखी, म्हणजे साखर जोडलेल्या स्निग्ध रेणूंसारखी, दिसू लागते. जंतूला याचा फायदा उघड आहे : आपल्या अंगच्या साखरेसारखं आवरण पांघरलं की शरीराची फौज लवकर संशय घेत नाही. पण ज्यांच्या शरीरात ती संशय घेते, त्यांच्यात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आतड्यातल्या जंतूला मारतात आणि रक्तातून फिरत फिरत पायांच्या नसांपर्यंत पोचतात. तिथे तीच साखर दिसते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोरही सापडतो आणि त्याच्याबरोबर संन्याशालाही सुळी दिली जाते.

जपानमधले नोबुहिरो युकी आणि त्यांचे सहकारी या मागावर वर्षानुवर्षं होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जंतूच्या साखळीची रचना जीएम१ शी जुळते हे दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी सशांना जंतूच्या आवरणातला तो अंश टोचला. सशांच्या रक्तात जीएम१ विरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले. संसर्गानंतर शरीर स्वतःवरच उलटतं ही कल्पना अनेक आजारांत मांडली जाते. जीबीएसइतक्या स्वच्छपणे ती फार थोड्या ठिकाणी सिद्ध झाली आहे.

प्रतिपिंड नसेला चिकटलं की पुढचं काम पूरक प्रथिनांचं, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीला रक्तात फिरणाऱ्या प्रथिनांचं. सी१क्यू हे प्रथिन आधी येऊन बसतं, त्याच्यामागे बाकीची ओळीने जमतात आणि शेवटी नसेच्या पडद्याला अक्षरशः भोकं पाडतात. नसेवर ठरावीक अंतराने मज्जावरण (नसेभोवतीचं चरबीयुक्त वेष्टण) नसलेल्या उघड्या जागा असतात आणि संदेश तिथूनच उड्या मारत पुढे जातो. हल्ला नेमका तिथे होतो. म्हणून पाय इतक्या झपाट्याने जातात.

हा प्रकार नसेच्या गाभ्यावरचा. जीबीएसचा दुसरा प्रकार नसेवरचं मज्जावरण सोलून काढतो, युरोप-अमेरिकेत तोच जास्त आढळतो, आणि त्याचं कोडं बराच काळ सुटत नव्हतं कारण त्यात अशी ठरावीक प्रतिपिंडं सापडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे पुण्याच्या साथीच्या बरोबर एक वर्ष आधी, झुरिचच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये त्याचं उत्तर मांडलं. या प्रकारच्या पेशंटच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात त्यांना अशा टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) सापडल्या, ज्या मज्जावरणातल्या पी०, पी२ आणि पीएमपी२२ या प्रथिनांनाच शत्रू समजतात. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे गुन्हे घडत होते : एकात हत्यार प्रतिपिंडाचं, दुसऱ्यात टी-पेशीचं. औषधं शोधणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पहिल्यावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

न मोजलेली साथ

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही. अभ्यासांत हे प्रमाण साधारण हजारात एक ते पाच हजारांत एक असं येतं. जंतूचा वाण तसा हवा, माणसाची प्रतिकारशक्ती तशी हवी, तेव्हा हे घडतं.

पुण्यातल्या सव्वादोनशेपैकी समजा निम्म्यांनाच कॅम्पिलोबॅक्टरमुळे झाला. हजारात एक या दराने शंभर पेशंटमागे एक लाख बाधा होतात. काही वाणांमध्ये जीबीएसचं प्रमाण बरंच जास्त असू शकतं, म्हणून हा आकडा चौथाईवर आणा, दहाव्या हिश्श्यावर आणा. तरीही दहा हजार उरतात. एका पट्ट्यात, काही आठवड्यांत, दहा हजार माणसांच्या पोटात एकच जंतू गेला आणि तो कळला केव्हा, तर त्यांतल्या काहींचे पाय गेले तेव्हा.

त्या दिवसांत दवाखान्यांत जुलाबांचे पेशंट आलेच असणार. औषधांच्या दुकानांतून ओआरएस आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या खपल्याच असणार. “पाण्यामुळे असेल, उकळून प्या” हे वाक्य त्या काळात मी स्वतः दोन-तीन घरांत ऐकलं. पण हिवाळ्यातल्या जुलाबांची नोंद गल्लीतला दवाखाना कोणाकडे करणार? आपल्याकडे साथ म्हणून पाहिलं जातं ते डेंग्यूकडे, स्वाइन फ्लूकडे. पोट बिघडणं हे ज्याचं त्याने निस्तरायचं दुखणं समजलं जातं.

याचा दुसरा परिणाम शोधाशोधीवर झाला. संसर्ग आणि लकवा यांच्यात एक ते तीन आठवडे जातात. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शीघ्र प्रतिसाद पथक घरोघरी फिरू लागलं, पाण्याचे नमुने घेतले गेले, केंद्र सरकारने सात तज्ज्ञांचं पथक पाठवलं. पण ज्या पाण्याने नसा गेल्या ते पाणी नववर्षाच्या आसपासचं होतं आणि ते केव्हाच मुठेतून वाहून गेलं होतं. शौचाच्या नमुन्यांचंही तसंच. पेशंट लकव्याने दाखल होतो तोवर जुलाब थांबलेले असतात, मधल्या काळात ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा कोर्स झालेला असतो, आणि हा जंतू तर मुळातच वाढवायला अवघड. त्यामुळे थोड्याच नमुन्यांत तो सापडला याचा अर्थ बाकीच्यांत तो नव्हता, असा लावू नये. नोरोव्हायरस सापडणं हीसुद्धा मला मोठी खूण वाटते. त्याचा जीबीएसशी संबंध फार कच्चा आहे, पण तो माणसाच्या विष्ठेतून येतो. पोटाचे दोन वेगळे जंतू एकाच वेळी एकाच भागात दिसले, तर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात कुठेतरी मिसळलं असावं, हा संशय बळावतो.

विहीर, जार आणि ओटी

पुणे शहराचं पाणी खडकवासल्याहून येतं आणि पर्वती, वडगाव, वारजे इथल्या केंद्रांत गाळून-शुद्ध होऊन घरोघर जातं, असं आपण धरून चालतो. पण ते जुन्या शहरापुरतं. धायरी, आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१ मध्ये. इमारती त्याआधीपासूनच उगवत होत्या. हद्द वाढली त्या दिवशी जलवाहिन्या काही वाढल्या नाहीत. साथीच्या काळात नांदेड गावातली मोठी विहीर बातम्यांत आली, कारण आसपासच्या गावांना त्या विहिरीचं पाणी गाळण्याच्या प्रक्रियेशिवाय, नुसतं क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं. धरणाच्या कुशीत राहणाऱ्या लोकांना न गाळलेलं पाणी मिळावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उरलेली तहान टँकर आणि वीस लिटरचे जार भागवतात. महापालिकेने तपासलेल्या काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी पिण्यालायक नव्हतं आणि ते बंद केले गेले. आरओचं पाणी म्हणजे शुद्धच, ही समजूत इथे घात करते. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. मग ते पाणी टाकीत साठतं, जारमध्ये भरलं जातं. जार नीट धुतलेला नसेल, भरणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील, तर पुढे शिरलेल्या जंतूला मारायला त्या पाण्यात काहीच उरलेलं नसतं.

ग्रामपंचायतीत काम केलेल्या कोणालाही टीसीएल आणि ओटी हे दोन शब्द पाठ असतात. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहण्याची चाचणी : काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, आणि जितका गडद तितकं जास्त. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनपुढे टिकत नाही. अर्ध्या तासाचा अवधी आणि नितळ पाणी मिळालं, तर एवढं क्लोरीन त्याला पुरून उरतं. पाणी गढूळ असलं की मात्र क्लोरीन त्या गाळातच खर्च होतं, म्हणून आधी गाळणं गरजेचं.

साथीच्या त्या आठवड्यात मी कॉलेजातून ओटीची बाटली आणली आणि आमच्या इमारतीच्या टाकीतलं पाणी तपासलं. थेंब टाकले, नळी खिडकीच्या उजेडात धरली, दोन मिनिटं थांबलो. रंग आला नाही. दुसरी नळी घेतली, तीही तशीच. टँकर घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, पावडर भरतानाच टाकतात असं म्हणतात, मी काही बघितलं नाही.” त्या दिवसापासून दोन महिने आमच्याकडे पाणी उकळूनच प्यायलं गेलं. उकळी फुटली की हा जंतू मरतो, त्याला वीस मिनिटं रटरटवायची गरज नाही.

कोंबडीचंही नाव निघालं. खडकवासल्याच्या परिसरात पोल्ट्री आहेत आणि कोंबड्यांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. त्यात नवल काहीच नव्हतं, जगभरच्या पोल्ट्रीत तो सर्रास सापडतो. अर्धकच्चं चिकन आणि चिकन कापलेल्या पाटावर तशीच चिरलेली कोशिंबीर यांतून बाधा होते, हे खरं. पण आपल्याकडे चिकन शिजतं ते तासभर रश्शात. एवढ्या लोकांना एकाच वेळी, एकाच पट्ट्यात, शाकाहारी घरांसकट गाठायचं तर पाण्यासारखा दुसरा वाहक नाही. पेरूमध्ये जीबीएसच्या अशा साथी लागोपाठ आल्या आहेत. २०१९ च्या साथीत कॅम्पिलोबॅक्टरचा एक विशिष्ट वाण सापडला आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या सरकारला देशभर आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. उत्तर चीनच्या खेड्यांत तर १९९० च्या सुमारास दर उन्हाळ्यात मुलांचे पाय असेच जात होते.

लशीचा संशय

जानेवारी संपायच्या आत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “हे सगळं कोविडच्या लशीमुळे” असा मेसेज फिरायला लागला. त्याला हसण्यावारी नेऊ नये, कारण लस आणि जीबीएस यांचा संबंध पूर्णपणे काल्पनिक नाही.

१९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली. साथ आली नाही, पण लस घेतलेल्यांत जीबीएसचं प्रमाण वाढलेलं दिसलं, लाखात साधारण एक जास्तीचा रुग्ण. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. त्यानंतर जगात कुठलीही मोठी लस आली की जीबीएसवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीबाबत, म्हणजे आपल्या कोव्हिशील्डबाबत, हा धोका क्वचित आढळला आणि तो जाहीरही केला गेला. आणि ७ जानेवारी २०२५ ला, पुण्यातला पहिला संशयित दाखल व्हायच्या दोनच दिवस आधी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या दोन लशींवर जीबीएसचा इशारा छापायला लावला. दहा लाख डोसमागे सात ते नऊ जास्तीचे रुग्ण, एवढ्या सूक्ष्म धोक्यासाठी.

पण लशीमुळे होणारा जीबीएस पहिल्या सहा आठवड्यांत होतो. कोव्हिशील्डचे डोस बहुतेकांनी २०२१-२२ मध्ये घेतले. ते तीन वर्षं गप्प बसले आणि मग फक्त सिंहगड रस्त्यावरच उलटले, कोथरूड आणि हडपसरला सोडून, हे कसं मानायचं? कॅनडातल्या ओंटारियोमधला एक अभ्यास मी ग्रुपवर टाकला. फ्लूच्या लशीनंतर दहा लाखांत एकाला जीबीएस झाला; प्रत्यक्ष फ्लूने दवाखान्यात आलेल्यांत दहा लाखांत सतरा जणांना. संसर्ग हाच मोठा गुन्हेगार आहे, लस त्याच्यापुढे फार लहान. दोघांनी मेसेज काढून टाकले, एका काकांनी फोन करून अर्धा तास शंका विचारल्या. मला त्या फोनचं जास्त समाधान वाटलं.

मग कॅम्पिलोबॅक्टरवरच लस का नाही? याचं उत्तर वर आलंच आहे. जंतूच्या आवरणावरची ती साखर लशीत राहिली, तर लसच जीबीएस घडवू शकेल. म्हणून अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी वेगळा रस्ता धरला : अगदी बाहेरच्या वेष्टणातली (संपुटातली), नसेशी साम्य नसलेली साखर घ्यायची आणि ती एका वाहक प्रथिनाला जोडायची. पण संपुटाचे प्रकार अनेक, त्यामुळे एका लशीने सगळे वाण झाकले जात नाहीत. पुण्याच्या साथीच्या वेळी जगात या जंतूवर माणसासाठी एकही मंजूर लस नव्हती.

चोवीस बाटल्या

जीबीएसवर दोन उपचार सिद्ध आहेत. एक प्लाझ्मा बदलणं, दुसरा आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून गोळा केलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. दोन्ही सारखेच गुणकारी, आणि जितके लवकर तितके बरे. नुसत्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे अनेक चाचण्यांनी दाखवलं आहे.

आयव्हीआयजीचा डोस किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारांत. शिवाय आयसीयूचं भाडं. राज्य सरकारने हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मोफत करायचा निर्णय घेतला आणि महापालिकेनेही मदत जाहीर केली, हे फार चांगलं झालं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या बाटल्या घरच्यांनी दागिने मोडून, उसनवारी करून आणल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत.

पहिल्या पाच दिवसांनी फरक दिसला नाही की नातेवाईक विचारतात, “अजून एक कोर्स देऊ या का?” नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. दुसऱ्या कोर्सने फायदा झाला नाही, उलट रक्ताच्या गाठी होण्यासारखे त्रास वाढले. हे ज्या घराला वेळेत कळलं, त्यांचे काही लाख वाचले आणि पेशंटचा धोकाही टळला.

बांगलादेशातल्या डॉक्टरांचं काम मला याहून जवळचं वाटतं. तिथे आयव्हीआयजी बहुतेकांना परवडतच नाही. त्यांनी २०१८ मध्ये वीस पेशंटवर एक साधी पद्धत तपासली : रक्त पिशवीत घ्यायचं, पिशवी काही तास उभी टांगून ठेवायची, लाल पेशी आपोआप खाली बसल्या की त्या पेशंटला परत द्यायच्या आणि वरचा प्लाझ्मा टाकून द्यायचा. महागडं यंत्र नाही. ही पद्धत सुरक्षित आणि जमण्याजोगी ठरली. त्याच बांगलादेशात आणि फिलिपिन्समध्ये सी१क्यू अडवणाऱ्या एका नव्या औषधाची २४१ पेशंटवर मोठी चाचणी झाली. जून २०२४ मध्ये निकाल आला : एका डोसने आठव्या आठवड्यापर्यंत पेशंट लक्षणीय सुधारले. नसेला भोकं पाडणाऱ्या त्या रांगेतलं पहिलंच प्रथिन अडवायचं, ही युकींच्या सशांपासून निघालेली वाट इथवर पोचली. पुण्याच्या पेशंटना मात्र त्या जानेवारीत ते कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं.

साथ ओसरल्यावर बातम्या थांबल्या. ज्यांच्या नसेचं फक्त कार्य बंद पडलं होतं, गाभा शाबूत होता, ते दोन-तीन महिन्यांत चालू लागतात. ज्यांचा गाभाच तुटला, त्यांची नस पुन्हा वाढावी लागते आणि ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर साधारण ९०० मिलिमीटर. आमच्या जवळच्या फिजिओथेरपी केंद्रात मी पाठीच्या दुखण्यासाठी जातो. तिथे एक तरुण समांतर दांड्यांना धरून उभा राहायचा सराव करतो, टाच जमिनीला टेकते पण पंजा वर येत नाही. त्याची आई शेजारी स्टुलावर बसून मोबाइलमध्ये वेळ मोजते. काल चाळीस सेकंद झाले होते, आज बावन्न.